लिहिलें आहे तेंच

लग्नाच्या जाहिराती वाचाव्यात तर माझ्या सासूबाईंनी. माझं सासर तंजावरकडच्या मराठ्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. चेन्नईत आपल्यातलं स्थळ मिळणं सोपं नव्हतं, म्हणून साऱ्या नात्यागोत्यातल्या जाहिराती आमच्या अड्यारच्या घरी यायच्या आणि त्यांचा निकाल सासूबाई लावायच्या. ‘मनमिळाऊ मुलगी हवी’ म्हणजे सासू खाष्ट. ‘अपेक्षा काही नाही’ म्हणजे अपेक्षा बैठकीत कळतील. मी साताऱ्याची, माझ्या जाहिरातीत वडिलांनी ‘स्पष्टवक्ती’ असं घातलं होतं. “भांडकुदळ, हें कळलें होतें मला,” असं त्या अजून सांगतात. तरीही मला घरात आणलं, हे विशेष.

भीडभाड त्यांना ठाऊकच नव्हती. एका भाचीचं लग्न लांबलं होतं. तिच्यासमोरच जाहिरात वाचली गेली, ‘वय लहान असावे’. सासूबाई म्हणाल्या, “हिचें वय झालें. पुढची वाच.” भाची उठून आत गेली. मला राग आला होता त्यांचा.

गेल्या वर्षी शोळिंगनल्लूरच्या कंपनीनं माझ्या नवऱ्याला घरी बसवलं. वय बावन्न. मग रोज सकाळी कॉफी झाली की तो फोनवरच्या नोकरीच्या जाहिराती मोठ्यानं वाचायचा, इंग्रजीतलं मराठीत करून, आणि सासूबाई झोपाळ्यावरून अर्थ सांगायच्या.

“‘आम्ही सगळे एका कुटुंबासारखे राहतो.’”

“अय्यो, नको. सून करून नेतील तुला. राबवतील, आणि पगार वाढवा म्हटलेंस कीं रुसतील.”

“‘एकाच वेळी अनेक कामं सांभाळता यावीत.’”

“तीन माणसें काढलीं असतील. त्यांचें सगळें तुझ्या गळ्यांत.”

“‘पगार उत्तम, आकडा चर्चेनंतर.’”

“हुंडा नको म्हणणारे असेंच म्हणत. पोदुम, पुरे. पुढचें वाच.”

आम्ही पोट धरून हसायचो. बेकार माणसाच्या घरात इतकं हसू असतं हे मला ठाऊक नव्हतं.

हळूहळू ते आटलं. मुलाखतीला आमच्या मुलीच्या वयाची पोरं त्याला ‘सर, सर’ म्हणायची आणि नंतर फोन उचलायची नाहीत. त्यानं केस रंगवायला सुरुवात केली. न्हाणीघराच्या फरशीवर काळे डाग पडायचे, ते मी घासून काढायची. संताप कंपनीवरचा असायचा, निघायचा फरशीवर. तो आता जाहिराती मनातल्या मनात वाचू लागला, आणि सासूबाईही विचारेनाशा झाल्या.

मग एका सकाळी तो पुन्हा मोठ्यानं वाचू लागला. काम अगदी त्याचंच, रस्ताही त्याच्या जुन्या ऑफिसचाच. आवाज चढत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला. ती ओळ त्यानं सावकाश वाचली, “‘आमच्या तरुण, सळसळत्या चमूत सामील व्हा.’”

त्यानं फोन मांडीवर ठेवला. “अम्मा, याचा अर्थ काय गं?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. आता ‘वय झालें’ म्हणतील, असं वाटलं, आणि त्याआधीच मला त्यांच्याशी भांडावंसं वाटलं. त्यांनी पायानं झोपाळा थांबवला.

“अर्थ कसला?” त्या म्हणाल्या. “लिहिलें आहे तेंच. तूं काय म्हातारा झालास? अर्ज कर.”

इतक्या वर्षांत कुठल्याच जाहिरातीबद्दल त्या असं बोलल्या नव्हत्या.

मी कपबश्या उचलून स्वयंपाकघरात आले. तो पाणी प्यायला मागोमाग आला. भांडं भरून घेतलं आणि तसंच हातात धरून उभा राहिला.

“अम्माला पण आता सांगवेना,” तो हळूच म्हणाला.

मी नळ सोडून कपबश्या विसळू लागले. एरवी मी स्पष्टवक्ती.

बाहेरून सासूबाईंनी हाक मारली, “केलास का रे?”

“करतो अम्मा,” तो म्हणाला आणि जाऊन त्यांच्याशेजारी झोपाळ्यावर बसला, त्यांना दिसेल असा फोन धरून अर्ज भरू लागला.