रुख्मिणीबाईचा पहिला घास

रुख्मिणीमावशी कधीच आजारी पडत नाही, ही गोष्ट निलमच्या डोक्यातून जात नव्हती. भाजी निवडताना, लेकीच्या, निताच्या कपाळाला हात लावून बघताना मावशीचा तो तुकतुकीत चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि अंगावर काटा उभा राहायचा.

एरवी ही कौतुकाची गोष्ट. मावशी औंढ्याजवळच्या तांड्यावर एकटी राहायची. साठीला टेकली तरी लग्नाचा, बारशाचा स्वयंपाक तिच्याशिवाय होत नसे. तरुणपणी तिला आणि तिच्या लहानग्या पुजाला मुदतीचा ताप आला होता. मावशी उठली, पुजा उठली नाही. त्यानंतर मावशीला साधं पडसंही झालं नाही. "माह्या वाटचं आजारपण पोरगी घेऊन गेली," असं ती हसत हसत सांगायची. ऐकणारे हसायचे नाहीत.

पुजा गेल्यावरच ती दुसऱ्यांच्या चुलीपुढे बसू लागली. तिचा मलिदा साऱ्या भागात नावाजलेला. चपात्या कुस्करायच्या, गूळ-तूप घालायचं, निवू द्यायचं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत घालून मळायचं. पंगत बसण्याआधी ती लेकरांना जवळ बोलावून एकेकाला पहिला घास भरवायची. मोठ्यांना डावाने वाढायची, लेकरांना मात्र हाताने. मावशीचा घास अंगी लागतो, असं म्हणत आया पोरांना पुढे ढकलायच्या.

तांड्यावरच्या एका लग्नात निताने तो घास खाल्ला होता. पाणी घरून नेलेलं, भाजी तिखट म्हणून ताटाला तिने हातही लावला नव्हता. तेवढा एक घासच काय तो पोटात गेला. दुसरा हप्ता उलटला आणि ताप चढू लागला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी टायफॉईड, म्हणजे मुदतीचा ताप, सांगितला. "बाहेरचं काय खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं. "काहीच नाही," निलम म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला मावशीचा तो घास आठवला.

ताप उतरला, पण फणीत निताच्या केसांचे पुंजके येऊ लागले. दुपारी तिला रणजीतजवळ, तिच्या वडिलांजवळ ठेवून निलम तांड्यावर गेली. मावशीच्या समोरच्या वसरामच्या ओट्यावर दोन पोरं बसली होती. शेजारी चेंडू पडला होता, पण खेळत नव्हती. दोघांच्याही डोक्यावरचे केस विरळ, आणि दोघंही मावशीच्या दाराकडे एकटक बघत होती.

मावशी शेताकडून तांब्या घेऊन येत होती. उरलेलं पाणी हातांवर ओतलं, हात पदराला पुसले आणि ती गुळाची ढेप फोडायला बसली. उद्या भावसिंगच्या नातवाचं जावळ होतं.

"आली का शहरवाली? बस. साडीला माती लागंल म्हणून उभी राहून राहिली का?"

"मावशे, उद्या लेकरांना घास भरवू नको."

मावशीचा हात थांबला. काहून, असं तिने विचारलंच नाही. निलमला त्याचीच जास्त भीती वाटली.

"तुलाबी कळलं तर," मावशी हळूच म्हणाली. "माह्या हातचं खाऊन लेकरं तापून राहिली. आदी वाटलं, पाणी खराब आसंल. मंग सैपाकाआदी राखेनं हात घासले, साबणानं घासले, साल निघंस्तोर घासले." तिने तळवे पुढे केले. लालबुंद, गुळगुळीत. "पुजा बोलवती त्यायला. एकटी हाय ना ती."

"असं नको बोलू. मग भरवतेस काहून?"

"मागच्या बारशाला न्हाई भरवलं. तर आयाच पोरं घेऊन दारात आल्या, मावशी रुसली काहून म्हणून. थावराची बायको म्हणली, रुख्मिणीच्या हातात कायतरी हाय. हसून म्हणली. उद्या न हसता म्हणंल."

ते न हसता म्हटलेलं काय असेल, हे दोघींनाही ठाऊक होतं. डाकीण हा शब्द तांड्यावर मोठ्याने कोणी उच्चारत नसे.

निलमने कॉलेजात शिकलेलं आठवून आठवून सांगितलं. ताप बरा झाला तरी कोणाकोणाच्या पित्ताच्या पिशवीत जंतू राहतो. त्या माणसाला काही होत नाही. शौचाहून आल्यावर नुसत्या पाण्याने तो हातावरून जात नाही. उकळत्या भाजीत मरतो, निवलेल्या मलिद्यात मरत नाही. तपासून गोळ्या घेतल्या की बहुतेक जण बरे होतात. पुजा कोणाला बोलवत नाही.

मावशीने पोटावर हात ठेवला. "म्हंजे ते हितं हाय? इतकी वर्सं?"

"असेल. तपासल्याशिवाय कळणार नाही."

मावशीने गुळाची ढेप बाजूला सारली. मग ती म्हणाली, "आदी ताप मला आला व्हता. पुजाला मंग. तवा बी मीच भरवायचे तिला."

ओट्यावरची पोरं कधी दारापाशी येऊन उभी राहिली, ते दोघींनाही कळलं नव्हतं. धाकट्याने तोंड उघडलं. त्याला गूळ हवा होता. मावशीने दोन्ही हात चटकन पदराखाली लपवले आणि भिंतीला टेकून मागे सरकली. निलमने उठून दोघांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, ढेपेच्या पलीकडच्या, न फोडलेल्या बाजूचा.

ती अंगणात आली. मावशीला बरं नाही असं भावसिंगला सांगितलं, तर उद्याचा दिवस टळेल. पुढच्या पंगतीला पुन्हा तेच हात आणि तीच उघडी तोंडं. निलमने स्वतःच खरं सांगितलं, तर निरोप तांडाभर फिरेपर्यंत त्यातला जंतू गळून जाईल आणि नुसती मावशी उरेल. हेच डॉक्टरने सांगितलं, तर तो रोग ठरेल. रोगाला औषध असतं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंचा नंबर तिच्याकडे होता. उद्या पंगतीच्या आधी तांड्यावर या, स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांनाच तपासा, आणि मावशीशी आधी एकटीशी बोला, एवढं सांगायचं. मागे घरात गूळ फोडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला नव्हता. निलमने फोन लावला.