कोंबड्यांची मरी

मरणापुढे सगळे जीव सारखे असतात. आमच्या मेडशी गावात मात्र त्यानं कोंबड्यांपासून सुरुवात केली.

परवा नातवाच्या पोल्ट्रीत चुन्याचा वास आला आणि इंग्रजांच्या काळातलं माझ्या सासरचं अंगण आठवलं. माना वाकड्या झालेल्या कोंबड्या, त्यांची हिरवी पातळ विष्ठा, त्यावर टाकलेला चुना. त्याच सकाळी माझ्या तान्ह्या लेकीलाही हिरवे जुलाब सुरू झाले. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"कोंबड्यायनंतर माणसायचीच पाळी. पोरीले खाली ठिऊ नको वं!"

मी पोरीला झटकन उचलून घेतलं.

दुपारी नवा फेटा बांधून पाटील निघाले. रोगराईची देवी मरीआई, रोग गावाबाहेर जावा म्हणून तिचा गाडा वाजतगाजत पुढच्या गावच्या शिवेवर सोडायचा होता. बळीचा कोंबडा जवळच्या मालेगावहून आणावा लागला. गावात एकही उरला नव्हता.

"आत्याबाई, मंग पल्याडच्या गावाचं कसं?" मी सासूबाईंना विचारलं.

"ते त्यायचं पाहून घेतीन. तू हात जोड."

लेकीला छातीशी धरून मी हात जोडले. आज त्या फेट्याचं हसू येतं; तेव्हा नाही आलं.

संध्याकाळी पोरीनं माझं बोट कचकन चावलं. तिला पहिला दात आला होता.