जीभ काढणारा उंदीर

नरसिंगराव रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. इतरांचा चढतो, यांचा उतरायचा. आणि राग फारच असला तर ओठ हलताना दिसायचे, ऐकू काही यायचं नाही. रंगभूमीवर असा माणूस काय कामाचा? म्हणून दहा वर्षं ते आमच्या मंडळाच्या नाटकांचे दिवे सांभाळत विंगेत उभे राहिले.

बेंगळूरला आमचं हौशी मराठी नाट्यमंडळ होतं. मी लहानपणापासून फिरत्या नाटक कंपनीत वाढलेली. लग्न होऊन या गावी आले तेव्हा हौशी तर हौशी म्हणून त्यात शिरले. नरसिंगराव इथलेच. कॉटनपेटेत त्यांच्या चार पिढ्या गेल्या होत्या. नोकरी टेलिफोनच्या कारखान्यात, मेकॅनिकची. दिवे मंद करायला त्यांनी मातीच्या रांजणांत मिठाचं पाणी भरलं होतं आणि त्यात ते तांब्याच्या पट्ट्या दोरीने खालीवर करायचे. चौथ्या अंकात मी मरायला लागले की ते इतक्या हळू पट्टी वर ओढायचे की माझ्या चेहऱ्यावरचा उजेड माझ्याआधी प्राण सोडायचा. टाळ्या मला पडायच्या. खऱ्या मानकऱ्याचे हात मिठाने चिरलेले असायचे.

गोष्ट १९६२ सालची. मंडळाचे दिग्दर्शक होते विद्याधरपंत. पुण्याहून आलेले, सरकारी संशोधन खात्यात बडे इंजिनियर, उच्चार असे की शब्द चांदीच्या ताटलीत ठेवल्यासारखे. त्या वर्षीच्या नाटकात एका लहान मुलीचं काम होतं. एकच वाक्य, पण पडदा त्यावर पडायचा: "बाबा, जरा थांबा, मी पण येते." ते काम नरसिंगरावांच्या लेकीला, नयनाला मिळालं. नऊ वर्षांची होती. महिनाभर ती ते वाक्य अंघोळ करताना, शेंगा सोलताना म्हणत होती.

रंगीत तालमीच्या दिवशी तिला सगळं आलं, फक्त घरचा हेल आला. "जरा" ऐवजी "स्वल्प" आलं. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांत तसंच बोलतात.

विद्याधरपंतांनी तालीम थांबवली. मग त्यांनी ते वाक्य तिच्यासारखं म्हणून दाखवलं. लांबवत, मान हलवत, टांगेवाल्याच्या सुरात. एकदा नाही, तीनदा. "थांऽबा स्वऽल्प!" सगळे हसले. मीही हसले. नक्कल चांगली होती आणि चांगल्या नकलेला हसायची मला लहानपणापासून सवय. ते हसू मला अजून टोचतं.

"छान हं बाळ," पंत म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." आणि काम आपल्या पुतणीला दिलं.

विंगेत नरसिंगरावांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून नयना मराठी बोलेना. शेजारच्या पोरींशी कानडीत बोले, शाळेत इंग्रजीत चार शब्द बोले. पण घरात हवं-नको सगळं मानेने. आठवडा गेला, दोन गेले. तिची आई तुंगाबाई देवीला ओटी भरून आली. नरसिंगराव माझ्याकडे आले, अंगणातल्या कट्ट्यावर बसले आणि इतक्या हळू बोलले की मला वाकावं लागलं.

"अक्का, त्या माणसानं माझ्या पोरीची जीभ कापली. मी त्याला चार लोकांत जीभ दाखवणार."

"म्हणजे काय करणार?"

"गणपतीला मंडळाचा कार्यक्रम आहे. पंत पहिल्या ओळीत, मधल्या खुर्चीत बसणार. गणपतीपुढे पेटी ठेवू, तिच्यातून उंदीर निघेल. दोरी नाही, माणूस नाही. आपला आपण चालत त्यांच्या पायापाशी जाईल, आणि जीभ काढेल."

मी नाटकवाली. असल्या प्रवेशाला मी नाही म्हणेन? आत गेले, माझ्या राणीच्या जुन्या शालूला लावलेला लाल मखमलीचा काठ उसवला आणि त्यांच्या हातात ठेवला. "जीभ याची करा. लांब करा."

मग त्यांच्या घरी मागच्या खोलीत काम सुरू झालं. एस. पी. रोडवरच्या भंगारातून त्यांनी सिनेमाच्या जुन्या यंत्रातले दोन प्रकाशडोळे आणले. उजेड पडला की त्यांतून बारीकशी वीज वाहते. रेडिओचे दोन-चार ट्रान्झिस्टर आणले, मोटारीच्या वायपरची दोन यंत्रं आणली, मोटारसायकलची बॅटरी आणली. बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर कागद चिकटवला, तो झाला उंदीर. पोटाखाली छोटा दिवा, दिव्याच्या दोन बाजूंना दोन डोळे, जमिनीकडे बघणारे. लाल जमिनीवर पांढरी रेघ. उंदीर भरकटून डाव्या डोळ्याला रेघ दिसली की डावं चाक थांबायचं, उजवं चालत राहायचं, आणि तो आपोआप डावीकडे वळून पुन्हा रेघेवर यायचा. उजव्या डोळ्याचं तसंच.

निदान कागदावर तसं होतं. प्रत्यक्षात उंदीर रेघ दिसली की पळून जायचा. चार दिवस नरसिंगराव तारा सोडत-बांधत होते. नयना शेजारी बसून स्क्रू हातात देत होती, मुकी. पाचव्या दिवशी उंदीर पुन्हा रेघेला पाठ करून कपाटाखाली शिरला.

"हा पण पुण्याचा दिसतो," नरसिंगराव पुटपुटले. "आपल्याकडे बघतच नाही."

"अण्णा," नयना म्हणाली, "डाव्याचं उजव्याला गेलंय की."

त्यांनी तारा बदलल्या. उंदीर वळला, अडखळला, आणि रेघेवर चालू लागला. ते पोटावर पडून त्याच्या मागे सरपटत होते. पोरगी बोलली हे त्यांना कळलंही नाही. तुंगाबाई मात्र पिठाच्या हाताने दारात येऊन उभी होती. तिने मला नंतर सांगितलं, "अक्का, मी काही बोलले नाही हं. नजर लागली असती."

त्यानंतर नयना उंदराशी बोलू लागली. फक्त उंदराशी. "स्वल्प सरक रे. तिकडं नको. सरी, आता ये." 'सरी' म्हणजे कानडीतलं 'बरं'. आणि त्याला काय करायचं ते शिकवायचं काम तिने बापाकडून काढून घेतलं. टेलिफोन फिरवला की आकडे मोजत एकेक पाऊल पुढे जाणारा एक स्विच असतो. कारखान्याच्या लिलावात नरसिंगरावांनी तसला एक घेतला होता. वाटेत रेघेला आडवी पट्टी काढली की दोन्ही डोळ्यांना एकदम पांढरं दिसे, स्विच 'खट्' करून एक पाऊल पुढे जाई, आणि त्या पावलाला जी तार जोडली असेल ते काम उंदीर करी. नयनाने शाळेच्या वहीत लिहिलं: पहिली पट्टी, थांब. दुसरी, मान हलव. तिसरी, जीभ. मग पुन्हा पहिल्यापासून. तारा तिनेच डाग देऊन जोडल्या. बोट दोनदा भाजलं.

रेघ काढायचं काम तुंगाबाईचं, रांगोळीने. भांडण व्हायचं ते एवढ्यावरूनच. आमच्याकडे रांगोळीचं टोक मोकळं सोडत नाहीत. उघड्या टोकातून घरचं चांगलं बाहेर जातं म्हणतात. ती शेवटाला रेघ वळवून परत आरंभाला जोडायची, आणि उंदीर खोलीभर गोल गोल फिरत राहायचा.

"तुंगे, टोक मोकळं ठेव. त्याला पंतांच्या पायाशी थांबायचंय."

"सरी, सरी. तुमच्या उंदराला शास्त्र नाही."

गणपतीची संध्याकाळ आली. भाड्याचा हॉल गच्च भरला. जमीन लाल, गुळगुळीत. गणपतीसमोरच्या लाकडी पेटीपासून पहिल्या ओळीतल्या मधल्या खुर्चीपर्यंत तुंगाबाईने सरळ पांढरी रेघ काढली, तीन पट्ट्या मारल्या आणि नवऱ्याच्या धाकाने टोक मोकळं सोडलं. नरसिंगराव विंगेत आपल्या रांजणांपाशी गेले. त्यांनी एक वाक्य पाठ केलं होतं. उंदराने जीभ काढली की ते बाहेर येणार आणि म्हणणार, "पंत, मराठी जीभ तपासायची होती ना? ही घ्या." मी त्यांच्याकडून ते पंचवीस वेळा घोटून घेतलं होतं.

पंत आले, बसले. कडक इस्त्रीचं धोतर, उपरणं. आरतीला वेळ होता. तुंगाबाई कोपऱ्यात उभी राहून त्या उघड्या टोकाकडे बघत होती. प्रत्यक्ष गणपतीपुढे, सणाच्या दिवशी, टोक उघडं! तिच्याने राहवेना. गेली, पंतांना "पाय स्वल्प वर घ्या" म्हणाली, आणि त्यांच्या पायापाशी चिमटीने आठ पाकळ्यांचं कमळ काढून रेघ त्यात बंद करून आली. विंगेतून हे दिसत नव्हतं. मला दिसत होतं, पण मला काय कळणार की उंदराला कमळ वाचता येत नाही!

दिवे मंद झाले. पेटीचं दार पडलं आणि टोपलीएवढा उंदीर घरघरत बाहेर आला. मागचे लोक उभे राहून बघू लागले. पहिली पट्टी, थांबला. दुसरी, मान हलवली. लोकांनी टाळ्या दिल्या, पंतांनीही दिल्या. तिसरी पट्टी त्यांच्या समोर. उंदराच्या तोंडातून वीतभर लाल मखमली जीभ बाहेर आली.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. उंदीर तिथेच थांबायचा होता. पण पुढे कमळ होतं. तो पाकळीवर चढला. खट्, थांबला. खट्, मान हलवली. खट्, जीभ. वळला, पंतांच्या सौभाग्यवतींकडे बघून मान हलवली, पुन्हा पंतांकडे जीभ. त्या पाकळ्यांतून त्याला बाहेर पडता येईना, आणि दर तिसऱ्या रेघेला तो जीभ काढी. हॉल कोसळला. मी इतकी वर्षं विनोदी प्रवेश केले, असा हशा मला कधी मिळाला नाही. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण पंत कसलेले. ते उठले, हात वर केला आणि चांदीच्या ताटलीतले शब्द आले: "अहो नरसिंगराव, तुमचं यंत्र तुमच्या मराठीसारखंच आहे. सुरू होतं, पण कुठे थांबावं ते कळत नाही. बिघडलंय. बंद करा."

आणि तोच हशा वळला. क्षणात त्यांच्या बाजूचा झाला. नरसिंगराव बाहेर आले. ओठ हलत होते. पंचवीस वेळा घोटलेलं वाक्य पहिल्या ओळीलाही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने बोला हो!" मागून कोणी ओरडलं.

"बंद करू नका." गणपतीच्या बाजूने आवाज आला. नयना. परकर सावरत कमळाच्या कडेला येऊन उभी राहिली. "तो बिघडला नाही. अम्मानं कमळ काढलंय की. त्याला लई रेघा दिसतायत. तीन मोजल्या की जीभ काढ म्हणून सांगून ठेवलंय त्याला. तो तसंच करतोय."

"कोणी सांगून ठेवलंय?" पंतांनी विचारलं.

"मी."

"आणि जीभ कुणाला दाखवायची होती?"

"तुम्हाला."

हेल तोच, लांबवलेला, घरचा. पण या वेळी कोणी हसलं नाही. पंतांना बसता येईना, जाता येईना, कारण उंदीर त्यांच्या धोतरापाशी मान हलवत उभा होता. शेवटी त्यांच्यातला इंजिनियर पुढे आला. खाली वाकून त्यांनी विचारलं, "रेघ दिसते कशी?" तिने टोपली उचलून डोळे दाखवले, दिवा दाखवला, स्विच दाखवला.

"अच्छा. म्हणजे पांढरं दिसलं की चाक फिरतं."

"नाही. थांबतं. उलटं सांगताय. स्वल्प नीट ऐका की."

चारशे माणसांत त्यांनी नीट ऐकलं. मी विंगेकडे पाहिलं. नरसिंगराव रांजणापाशी परत गेले होते आणि दोरी सोडून पट्टी इंच इंच खाली उतरवत होते. उजेड वाढत होता, आणि सगळा पोरीच्या तोंडावर.

लोकांना वाटलं सूड तिथे संपला. तो खरा संपला पुढच्या वर्षी, जून महिन्यात. नव्या नाटकात पुन्हा लहान मुलीचं काम होतं, आणि पुतणी पुण्याला गेली होती. पंत स्वतः कॉटनपेटेत आले, हातात नाटकाची वही. नरसिंगरावांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पंतांना बसवलं, कॉफी दिली. पंतांनी विनंती केली.

"ऐकू आलं नाही," नरसिंगराव म्हणाले.

पंतांनी पुन्हा केली. नरसिंगरावांनी दुसरा पेला भरला, त्यांना उठता येऊ नये म्हणून. मग लेकीला हाक मारली. "नयना, तू सांग. काम तुझं."

ती उंदीर पुसत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "आधी तुम्ही म्हणून दाखवा."

"काय?"

"'अण्णा, स्वल्प थांबा, मी पण येते.' आमच्यासारखं."

विद्याधरपंत माझ्याकडे बघू लागले. मी कॉफीच्या पेल्यात बघू लागले. त्यांनी घसा साफ करून म्हटलं. तालमीत नक्कल किती झकास झाली होती! आज घरात चार माणसं, चौघंही तसंच बोलणारी किंवा त्यांच्या बाजूची, आणि हेल काही केल्या बसेना.

"अजून एकदा," नयना म्हणाली.

त्यांनी अजून एकदा म्हटलं. मग अजून एकदा. स्वयंपाकघरातून तुंगाबाईचा खोकल्यासारखा आवाज आला, पण तो खोकला नव्हता. कपाळावर घाम आला तेव्हा नयनाने फडकं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे अगदी प्रेमाने पाहिलं.

"छान," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

पंत उठले. नरसिंगराव त्यांना दारापर्यंत सोडायला गेले, चपला सरळ करून दिल्या, आणि दार लागल्यावर हसले. त्यांचं ते हसणं समोरच्या किराणा दुकानात ऐकू गेलं. दुकानदार आप्पाजी रस्ता ओलांडून विचारायला आला, घरात काय झालं म्हणून.