मामा, मुंज आणि लाल पाटी

मुंजीला मामा लागतो, आणि आमच्या ओजसचा मामा मी जावास्क्रिप्टनं पळवून लावला होता.

झाशीत, नगरा मोहल्ल्यातल्या घरी बसून मी वेबसाइट बनवतो. तेव्हा मुलाच्या मुंजीची पत्रिका छापून घेणं म्हणजे माझ्याच धंद्याचा अपमान! मी पत्रिकेची वेबसाइट केली आणि खाली फॉर्म जोडला. नाव, मोबाइल नंबर, किती जण येणार. बस, एवढंच.

"कोणाकडून भरून बघितलात का?" सुषमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"मी स्वतः भरला. झकास चालतो!"

(मी बरोबर भरला होता. भरणारा चुकला तर काय होईल, हे बघायचं मनातही आलं नाही. मी कशाला चुकतोय!)

मानाप्रमाणे पहिली लिंक गेली गुरसरायला, सुषमाच्या मोठ्या भावाला. दादा म्हणजे मुंजीचे मामा. संध्याकाळी त्यांचा फोन आला. सुषमानं स्पीकर लावला.

"सुषमा, आम्ही यायला नकोय का जावईबापूंना? साफ सांगा ना!"

"अगंबाई! असं काय बोलता दादा?"

"नाव लिहिलं, 'श्री.' लावून. लाल पाटी आली, 'चूक!' नंबर लिहिला, मध्ये जरा जागा सोडून. 'चूक!' बरं, प्रत्येक वेळी आधी लिहिलेलं सगळं साफ! शेवटी विचारलंय, किती जण. माणसं काय मोजायची असतात? मी लिहिलं, 'आम्ही सगळे'. परत 'चूक!' आणि वरून भोंगा! अब क्या लिखें, भैया?"

भोंगा माझीच कल्पना होती. पाटीबरोबर फोन थरथरायचाही, पण ते मी आता सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर सुषमा माझ्याकडे वळली. "मामाशिवाय मुंज लावणार? मांडवात ओजसला कोण आणणार, तुमचा फॉर्म?"

"अगं, नंबरात मोकळी जागा चालत नाही..."

"मग असं लिहायचं ना तिथे! नुसतं 'चूक' म्हणजे काय समजायचं माणसानं?"

"नेमकी चूक आत कन्सोलमध्ये दिसते."

"ते कुठे असतं?"

"ब्राउझरच्या आत. ते फक्त आम्ही बनवणारे बघतो."

"छान! म्हणजे चुकायचं दादांनी आणि वाचायचं तुम्ही!"

मी मुकाट्यानं लॅपटॉप उघडला.

पाटी काढली, भोंगा काढला. चूक ज्या रकान्यात, त्याच्याखालीच साध्या शब्दांत सूचना ठेवली, आणि लिहिलेलं पुसायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दादांना फोन करून माफी मागितली आणि नवी लिंक पाठवली. इतकी नम्र सूचना मी जन्मात कोणाला दिली नव्हती.

पाच मिनिटांत फोन!

"जावईबापू, 'श्री' लिहितोय तोवर खाली आलं, 'कृपया पूर्ण नाव लिहावे.' अहो, लिहू तर द्या!"

पहिल्या अक्षरालाच तपासणी लागत होती. म्हणजे आधी ओरडत होतो, आता नम्रपणे मध्येमध्ये बोलत होतो! सुषमानं कपाळाला हात लावला. मला खरंच भीती वाटली, की मेहुणा या वेळी कायमचाच रुसतो.

मग रकाना सोडून पुढे गेल्यावरच सूचना येईल असं केलं. नंबरातली जागा प्रोग्रामनंच गुपचूप काढून टाकायची. आणि आकड्याच्या जागी 'आम्ही सगळे' हे उत्तर मान्य! (हलवायाला मी म्हटलं, "अंदाजे धरा, भैया." त्याचा चेहरा सांगण्यासारखा नव्हता.)

या वेळी फोन आलाच नाही. फॉर्म मात्र आला. 'आम्ही सगळे.' सुषमा दिवसभरात पहिल्यांदा हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मुंजीच्या दिवशी दादा खरोखर सगळ्यांना घेऊन आले. मी सोवळं नेसून पाटावर बसलो. आचमन सुरू झालं आणि गुरुजी माइकवरून कडाडले, "चूक! चूक! पुन्हा पहिल्यापासून!"

मी गडबडलो. पुन्हा आचमन केलं. "चूक!" तिसऱ्यांदा तर मी पळीच पाडली. अख्खा मांडव बघतोय, आणि काय चुकतंय ते गुरुजी सांगेनात! घामानं नुसता निथळत होतो.

तेवढ्यात दादा माझ्या कानाशी वाकले. "जावईबापू, जानवं उजव्या खांद्यावर गेलंय. तसं श्राद्धाला घेतात. डाव्यावर घ्या, बाकी सगळं बरोबर आहे."

मी जानवं बदललं. गुरुजी पुढच्या मंत्राला लागले.

शेजारच्या पाटावरून सुषमा हळूच म्हणाली, "बघितलंत? आणि दादांना जावास्क्रिप्ट येतही नाही!"