साहेबांच्या हातचं घमेलं

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि कालपर्यंत तालुक्याचे असलेले सगळे पुढारी एका रात्रीत जिल्ह्याचे झाले होते. रस्ते मात्र तालुक्याचेच राहिले होते. नरसीकडच्या माळावर आमचा डांबराचा प्लांट होता. सरकारी कामं ज्यांना मिळायची त्यांनाच मिळत, म्हणून मी खासगी कामांच्या मागे लागलो. ज्यांच्या आवारात पावसाळ्यात ट्रक रुततात अशा प्रत्येकाकडे गेलो. लोक चहा पाजत आणि एकच विचारत, “याच्या आधी कुठं केलंय?”

कुठंच केलं नव्हतं.

हिंगोलीतल्या एका वयस्कर कापूस व्यापाऱ्याला सगळे चाचा म्हणत. त्यांच्या जिनिंगचं आवार मिळालं असतं तर आमचा प्लांट हंगामभर बंद पडला नसता. चाचा म्हणाले, “पहले एखादं आवार करून दाखव. एक पावसाळा टिकलं तर माझं काम तुझंच. न्हाई टिकलं तर फक्त चहा प्यायला येत जा.”

औंढ्याच्या रस्त्यावर एक नवं मंगल कार्यालय उभं राहत होतं. मालक कुरुंद्याकडचे हळदवाले. त्यांच्याकडे मी इतक्या चकरा मारल्या की शेवटी त्यांनी काम दिलं. माझ्या कामावर विश्वास बसला म्हणून दिलं की चकरांना कंटाळून, ते मी विचारलं नाही.

कामाच्या दिवशी सकाळी गरम मालाचे टिप्पर फाटकात उभे राहिले. बघतो तर तिथे मंडप. बँडवाले खुर्च्यांवर बसलेले.

“थांबा,” मालक म्हणाले. “सायेब येऊन राहिलेत. त्यांच्या हातचं पहिलं घमेलं पडू द्या.”

“अण्णा, माल निवला की रोलरखाली बसत नाही. साहेब कधी येणार?”

“निघालेत.”

निघालेले पुढारी कुठे पोहोचतात हे मला ठाऊक होतं. तासाभराने विचारलं, तरी निघालेलेच होते. ताडपत्री उचलून मी मालात हात घातला. वरचा थर नुसता कोमट होता.

“अण्णा, मी सुरू करतो.”

“अन् सायेबाला काय दाखवू? काहून माझी इज्जत घालवता?”

“फाटकापाशी बाजेएवढी जागा सोडतो. तेवढ्यापुरता माल आणि एक घमेलं बाजूला ठेवतो. बाकीचं आत्ताच पडलं नाही तर तुमच्या लग्नाच्या पंगती चिखलात बसतील.”

मालकांनी मंडपाकडे पाहिलं, आवाराकडे पाहिलं. “बाजेएवढीच,” ते म्हणाले, “पण फाटकापाशी. फोटोत कार्यालयाची पाटी आली पाहिजे.”

आम्ही सुरू केलं. बँडवाल्यांना दुसरं काम नव्हतं, त्यांनी वाजवायला घेतलं. रोलर त्या तालावर फिरला नाही, पण काम झालं.

साहेब दुपार कलल्यावर आले. हार झाले, नारळ झाला. ‘डांबरातून विकासाकडे’ या विषयावर भाषणही झालं. मग साहेबांनी एव्हाना थंडगार पडलेलं घमेलं मोकळ्या जागेवर ओतलं आणि फावडं हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहिलं. उरलेली जागा आमच्या पोरांनी तसल्याच थंड मालाने भरली. रोलरवाला माझ्या कानाशी म्हणाला, “हे बसनार न्हाई.” मी म्हटलं, “फिरव. उद्या उकरून नवं टाकू.”

दुसऱ्या दिवशी गेलो तर त्या जागेशेजारी साहेबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसली होती आणि मालक वाटेत उभे होते. “सायेबाच्या हातचं हाय. हात लावायचा न्हाई.”

पाऊस लागला तशी तिथली खडी सुटली. दिवाळीपर्यंत एक म्हैस बसेल एवढा खड्डा झाला. नेमका फाटकात, चाचांना आधी तोच दिसेल असा. मी मालकांकडे पुन्हा गेलो, पुन्हा नकार घेऊन आलो. शेवटी चाचांना स्वतःच घेऊन गेलो. दुसऱ्या कुणी त्यांना खड्डा दाखवण्याआधी मी दाखवलेला बरा.

चाचा खड्ड्यापाशीच थांबले. “हेच का तुझं काम?”

“हे साहेबांचं. माझं पुढे आहे. कापसाची भरलेली गाडी आणा आणि फिरवून बघा.”

“ए बाबा, कार्यालय हाय का बाजार?” मालक ओरडले. पण चाचांपुढे त्यांचं चाललं नाही. गाडी आली, आवारभर फिरली, जागेवर वळली. चाचांनी वळल्याच्या जागी बसून बोटाने चाचपलं. खडी जागची हलली नव्हती.

परतताना त्यांनी खड्ड्याचं विचारलं. मी झालं तसं सांगितलं : माल गरम होता, साहेब यायचे होते. चाचांनी चष्मा लावून पाटी वाचली, मग खड्डा पाहिला.

“नाव बराबर जागेवर लिव्हलंय,” ते म्हणाले. मालक दुसरीकडे पाहू लागले.

“चाचा, मग तुमचं काम?”

“कर. पण माझ्याकडं कुणी येनार न्हाई. नारळाच्या जागी फातिहा मी पहाटे फजरच्या नमाजनंतर एकटाच पढून घेईन. तू फक्त गाड्या गरम आन.”

जिनिंगच्या फाटकात पहिला टिप्पर शिरला तेव्हा मालातून वाफा निघत होत्या. चाचा नाकाला रुमाल लावून एकटेच उभे होते. हात हलवून म्हणाले, “बघत काय राहिलास? टाक.”