सावित्रीचे दोन नुक्ते

एकनाथराव पेंटरांच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, 'हौ', म्हणजे होय. मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवा हात लुळा पडला, आणि सत्तर वर्षांत जमवलेल्या मराठी, तेलुगू, उर्दूतून एवढंच शिल्लक राहिलं. नाही म्हणायचं झालं तरी बाहेर पडायचं ते 'हौ'च. देवाला थट्टाच करायची होती, तर निदान 'नक्को' तरी ठेवायचा.

अफझलगंजपासून सुलतान बाजारापर्यंत एके काळी दर चौथा बोर्ड त्यांच्या हातचा. मग फ्लेक्स आले आणि ते सगळे भंगारात गेले. उरला एक पत्रा. तरुणपणी उस्ताद म्हणाले होते, "मियाँ, अब अपने दिल का कुछ लिखो." तेव्हा त्यांनी निळ्यावर पिवळ्या ऑइलपेंटने नव्या नवरीचं नाव उर्दूत लिहिलं, सावित्री. उर्दू अक्षराची उंची ठिपक्यांनी मोजतात. कलमाच्या टोकाने हे ठिपके, म्हणजे नुक्ते, टेकवायचे. 'सा'च्या कान्याचा उभा अलिफ तीन नुक्त्यांचा. सावित्रीबाईंना उर्दूचा गंध नव्हता, पण 'त'वरच्या दोन नुक्त्यांवर बोट ठेवून त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या, "हे माझं नाव." त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. नव्या फ्लॅटमध्ये पत्रा माळ्यावर गेला. तो वाचू शकणारा घरात एकच माणूस होता, आणि त्याचं बोलणं गेलं होतं.

सून चारुलता सासू गेल्यानंतर घरात आलेली. मनाची फार चांगली, आणि तिथेच सगळा घोळ झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताला काम द्या. मग चारुलताने मोबाईलवर बघून कापसाच्या काड्या आणि रंगाच्या बाटल्या आणल्या. मध्ये एक ठिपका, भोवती पाच, की झालं फूल. एका दमात हातभर रेघ ओढणाऱ्या माणसाला हा बालवाडीचा धडा! एकनाथराव मनातून जळायचे, तरी काढायचे. आठवड्यात कागद संपले.

"बाबा, माळ्यावर तो जुना गंजका बोर्ड आहे ना, त्याला पांढरा मारून देऊ? मोठी जागा मिळेल तुम्हाला."

"हौ!" एकनाथराव ओरडले. डावा हात जोरजोरात हलवला. "हौ, हौ, हौ!"

"अगंबाई, कित्ते खूश झाले!" म्हणत ती स्टूल घेऊन माळ्याकडे गेली.

पांढऱ्याचे दोन हात देऊन, वाळवून तिने पत्रा समोर ठेवला, तेव्हा एकनाथरावांना स्वतःच्या तोंडाची किळस आली. सावित्रीला पुसायला त्यांनीच होकार दिला होता.

मग डाव्या हाताचं बोट पत्र्यावरून फिरता फिरता थबकलं. पांढऱ्याखाली ऑइलपेंटचा जाड थर हाताला लागत होता. ही अलिफची कड! काडी लाल रंगात बुडवून त्यांनी एकाखाली एक तीन ठिपके टेकवले. सरळ आले. पुढची अक्षरं मात्र सापडेनात. रंग कुठला आणि गंजाचे फोड कुठले, बोटाला कळेना. दुपार सरत आली तेव्हा ते दोन नुक्ते लागले, वरच्या अंगाला, अगदी जवळजवळ. श्वास रोखून त्यांनी त्यांच्यावर दोन ठिपके ठेवले आणि सुनेकडे पाहिलं. ओळख पोरी, एवढं तरी ओळख.

चारुलता शेजारी येऊन बसली. "हा दांडा ना? आणि ही दोन फुलं. पाकळ्या राहिल्या की हो बाबा!" तिने दुसरी काडी घेतली आणि दोन्ही ठिपक्यांभोवती पाच-पाच ठिपके नेटके टेकवले. फुलं खरंच सुरेख झाली होती.

"बरोबर केलं ना मी?"

एकनाथरावांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पण तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मायेने पुन्हा विचारलं, आणि एवढा वेळ दाबून धरलेला तो शब्द बाहेर आलाच.

"हौ."