हात थांबले तर छापायचं: कळमनुरीतलं एक प्रकाशनघर

माझी मैत्रीण सुनीता आणि मी वाशिमला एकाच शाळेत शिकवतो. बंजारा तांड्यावर वाढलेल्या सुनीतानं आपल्या आईवर कादंबरी लिहिली. दोन प्रकाशकांनी ती परत पाठवली. मग तिसऱ्याकडून, कळमनुरीच्या प्रकाशनातून फोन आला, रविवारी या. "इथंबी न्हाई म्हणले तर चुलीत घालते," ती म्हणाली. चेहरा बघून मी मुकाट्यानं गाडी काढली.

कनेरगाव नाक्यावर ढाब्यावर थांबा. पोहे, कडक चहा, दोघींचं शंभरात भागतं. सुनीतानं पोह्यांना हात लावला नाही, तेही मीच संपवले. पुढं हिंगोली ओलांडून नांदेडचा रस्ता धरायचा. कळमनुरीत आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही.

खाली छापखाना, वर घर. साठी ओलांडलेल्या सुमनकाकू आता प्रकाशन चालवतात. त्यांच्या सासऱ्यांनी बाजारात पोतं अंथरून पुस्तकं विकली, मग लग्नपत्रिका छापून त्या कमाईवर कवितासंग्रह काढले. तीन पिढ्या हेच चालू आहे. भिंतभर पुस्तकं पाहून मी आ वासून उभी राहिले. एवढं सगळं या दोन खोल्यांतून निघालं?

"पोरी, काहून घाबरून राहिलीस? बस," काकू म्हणाल्या आणि त्यांनी भुईमुगाच्या शेंगांचं सूप पुढं ओढलं. काकू, त्यांची सून आणि छापखान्यातले दोघे शेंगा फोडायला बसले. मुलगा अविनाश मोठ्यानं कादंबरी वाचू लागला.

मला काही कळेना. काकूंनी सांगितलं, "सासरे म्हनायचे, चांगलं असलं तरच मानूस काम सोडून वाचतो. मंग आपन काम करत ऐकायचं. हात थांबले तर छापायचं."

पहिलं प्रकरण संपलं, शेंगा फुटतच होत्या. दुसरंही तसंच गेलं. सुनीता पदर पिळत बसली होती आणि मला त्या शेंगांचा राग यायला लागला.

तिसऱ्या प्रकरणात आई पहिल्यांदा लेकीच्या शाळेत जायला निघते. पोरं हसतील म्हणून आदल्या दिवशी स्वतःच्या ओढणीवरचे आरसे एकेक करून उसवते. वाचता वाचता अविनाश थांबला. खोलीत कसलाच आवाज नव्हता. काकूंच्या हातात शेंग तशीच होती.

"थांबलास काहून? वाच ना रे!"

ते प्रकरण संपेपर्यंत एकही शेंग फुटली नाही. काकूंनी डोळे पुसले. "छापू. पहिलं प्रकरण तेवढं काढ, पोरी. तिथं लई शेंगा फोडल्या मी."

किल्ले, लेणी पुष्कळ पाहिली मी, पण भारावून जाणं म्हणजे काय ते त्या सुपापाशी बसून कळलं. परत वाशिमला सुनीताच्या दारात गाडी थांबवली तरी ती उतरेना.

"माझी माय जलमभर बोलली," ती म्हणाली. "तिचं ऐकायला कुनी हातातलं काम खाली ठेवलं न्हाई. आज ठेवलं."